काचेची बेंबी

अमरावतीला मी ज्या वकील काकांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, त्यांच्या लोखंडी कपाटात गेल्या दिवाळीपर्यंत अमेरिकेतल्या जुन्या काचेच्या एकतीस वस्तू होत्या. बाटल्या, वाडगे, मिठाची भांडी, एक पाण्याचा जग. आता त्या तिथं नाहीत. त्या कुठं गेल्या आणि कशा गेल्या ते लिहून ठेवते, कारण त्यातल्या एका वस्तूचं मी जे केलं ते माझ्या कुठल्याही पत्रकात बसणारं नाही.

पत्रकं लिहिणं हेच माझं काम. भाजीबाजारात बसणाऱ्या बायकांसाठी संडास हवा, लिही पत्रक. दर्यापूरच्या जीपमध्ये माणसं पोत्यासारखी कोंबतात, लिही पत्रक. माझे आईवडील दर्यापूरजवळ वांगी-टमाटे पिकवतात आणि स्वतःच विकतात. पोरगी शिकून नेमकं काय करते हे त्यांना अजून उमगलेलं नाही. "कागद वाटते," असं आई शेजारणीला सांगते. चूक नाही.

सगळ्यात लांब चालली ती हातमोज्यांची मोहीम. अकोल्यात भंगाराच्या आवारांमध्ये बायका दिवसभर बाटल्या निवडतात. पांढरी एकीकडे, हिरवी एकीकडे, तपकिरी एकीकडे. फुटकी असो की साबूत, उघड्या हातानं. आम्ही तीन वर्षं ओरडलो. तीन वर्षांनी हातमोजे आले, कुणीतरी फोटो काढून ते वाटले. पुरुषांच्या मापाचे, आतून रबरी, घामानं हात सोलून काढणारे. पुढच्या आठवड्यात गेले तर एक मोजा गळक्या नळाला बांधलेला होता आणि बाकीचे त्याच भंगारात जमा झाले होते. बायकांच्या बोटांना चिंध्या, आधीसारख्याच. मी संतापून विचारलं, मग घेतले कशाला? एक मावशी म्हणाली, "तुमी आणले म्हून घेतले, बाई. नाई तं तुमाले वाईट वाटलं असतं."

त्या दिवशी जी थकले ती थकलेच. झोपून जाणारा थकवा नव्हे तो. माणूस समोरच्याचं पूर्ण ऐकायचं सोडून देतो, तसला. हे पुढं लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

तर काका. आयुष्यभर दिवाणी वकिली केली. आता डोळे गेलेत, म्हणजे पूर्ण नाही. नजरेच्या मधोमध काळा डाग आहे, कडेनं दिसतं. दाराची चौकट दिसते, दारात कोण उभं आहे ते दिसत नाही. दर महिन्याला नागपूरला जाऊन डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं. दोन्ही मुलं पुण्याला. त्यांनी ठरवलं होतं की दिवाळीनंतर आईवडिलांना तिकडं न्यायचं आणि हे घर मोकळं करायचं. फ्लॅटमध्ये लोखंडी कपाट मावत नाही.

काकांनी मला खाली बोलावलं आणि म्हणाले, तू लिहितेस तर माझं एक काम कर. या सगळ्या काचा त्यांना एकत्र, एका जागी ठेवायच्या होत्या. ते अकोल्याच्या ज्या कॉलेजात शिकले तिथं एक छोटी संग्रहाची खोली होती. कॉलेज तयार होतं. सोबत एक पुस्तिका हवी होती आणि प्रत्येक वस्तूपुढं एक चिठ्ठी. "वेगवेगळ्या झाल्या की त्या नुसत्या बाटल्या," ते म्हणाले. त्यांना दुसरं काही नको होतं. घर गेलं तरी त्यांची ना नव्हती.

मी त्यांना तोंडावर सांगितलं की अकोल्यात बायका रोज ट्रक भरून बाटल्या निवडतात, त्या कोणी कॉलेजात ठेवत नाही. अमेरिकेतल्या दारूच्या बाटल्यांचं एवढं काय कौतुक?

"त्याही ठेवू की. पण आधी ह्या पाहून तर घ्या, पत्रकवाल्या बाई," काका म्हणाले. तेव्हापासून ते मला तसंच म्हणत आले.

काकांचे थोरले भाऊ ओहायोत नोकरीला होते. पहिल्यांदा गावी आले तेव्हा मोज्यात गुंडाळून एक मधाच्या रंगाची बाटली घेऊन आले. काका त्या बाटलीवर अडकले. मग दर खेपेला एकदोन. भाऊ तिकडच्या जुन्या बाजारात फिरून घ्यायचे, काका इकडून पत्रं लिहून विचारायचे: बाटलीच्या अंगावर शिरा किती आहेत, मोजून कळव. कारण ओहायोत त्या काळी गावागावात भट्ट्या होत्या आणि प्रत्येक भट्टीचा साचा वेगळा. चोवीस शिरा असल्या तर एक गाव, सोळा असल्या तर दुसरं. नखानं मोजायच्या. काका अजून मोजतात, आता तर नखाशिवाय इलाजच नाही.

काकू म्हणजे काकांची बायको, याज्ञिकांच्या घरातली. फुटकी काच घरात ठेवायची नाही हा तिचा नियम. टवका गेलेला पेला दिसला की त्याच दिवशी बाहेर. दारूची बाटली तर घरात यायचीच नाही. पण एका चपट्या बाटलीवर पंख पसरलेला पक्षी उठवलेला आहे. तिकडचा गरुड तो, त्यांचं राष्ट्राचं चिन्ह. व्हिस्की भरून खिशात ठेवायची बाटली. काकूनं ती हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "गरुड हाय तं राहू द्या." त्या एका गरुडाच्या पंखाखाली बाकीच्या तीसही घरात आल्या.

मला खरं धरलं ते त्या पाण्याच्या जगानं. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत वाळूच्या जमिनीवरच्या जंगलात खिडक्यांच्या आणि बाटल्यांच्या काचेचे कारखाने होते. दिवसभर मालकाच्या बाटल्या फुंकायच्या. काम संपलं की भट्टीत उरलेल्या काचेतून कारागीर स्वतःसाठी काही तरी करायचे. हा जग तसला. खिडकीच्या काचेचाच माल, कोवळ्या दोडक्याच्या आतल्या गरासारखा फिकट हिरवा. वाळूत लोखंड असतं त्याचा तो रंग. अंगावर दुसरा काचेचा थर चढवून तो खालून वर ओढलेला, तळ्यात कमळाची पानं वर यावीत तसा. मालकानं मागितला नव्हता, मालकाला विकला नव्हता.

मी तिथंच मथळा लिहून टाकला: मालकाच्या भट्टीत कामगाराचा जग. खाली लिहिलं, दिवसभराची पाळी संपल्यावर एका मजुरानं आपल्या बायकोसाठी घडवलेला.

काकांनी वाचून दाखवायला लावलं. मग म्हणाले, बायकोसाठी कशावरून? आईसाठी नसेल? शेजाऱ्याला दोन अंड्यांच्या बदल्यात दिला नसेल? न्यू जर्सीच कशावरून? तिथले कारागीर न्यूयॉर्ककडे गेले, तिकडंही असेच जग केले. 'बहुधा' लिही.

मला 'बहुधा'चा राग आहे. पत्रकात बहुधा लिहिलं की साहेब तेवढाच शब्द धरून बसतो. बहुधा संडास नाही, बहुधा बोटं कापतात. आमची यावरून रोज वादावादी व्हायची. काका सांगायचे की तिकडच्या संग्राहकांनी हाच घोळ घातला होता. पेनसिल्व्हेनियात एक बडा कारखानदार होऊन गेला. पुढं शंभर वर्षांनी लोक काचा गोळा करायला लागले तेव्हा निळी दिसली, जांभळी दिसली की लाव त्याचं नाव. नावामुळं किंमत यायची. मग काही लोकांनी जुन्या भट्ट्यांच्या जागा खणल्या, तुकडे निघाले आणि कळलं की तसल्याच काचा भलतीकडंही होत होत्या. नावं गळाली. आता प्रामाणिक माणूस एवढंच म्हणतो, त्या धाटणीचं. काकांकडंही त्या बड्या नावाच्या दोन वस्तू होत्या. चिठ्ठीवरचं नाव त्यांनी स्वतःच खोडलं होतं.

मी चिडले ते वेगळ्याच कारणानं. शंभर वर्षं मालकाचं नाव, आणि ज्यानं फुंकली त्याचं एकदाही नाही. काका म्हणाले, त्याचं नाव नाही, पण त्याची खूण आहे. आणि त्यांनी माझा अंगठा धरून जगाच्या बुडावर ठेवला.

काच नळीवर फुंकून फुगवतात. फुगवून झाली की नळीवरून सोडवावी लागते, नाही तर तोंड कसं घडवणार? मग धरायचं कशाला? बुडाला एक लोखंडी सळई चिकटवतात, वितळलेल्या काचेच्या थेंबानं. तोंड झालं, कान लावून झाला की सळईला टिचकी मारून मोडतात. मोडल्याचा खरबरीत वण बुडाला कायमचा राहतो. काका त्याला बेंबी म्हणायचे. नाळ तोडल्याची जागा. पुढच्या काळात यंत्राच्या साच्यातून निघालेल्या कारखानी मालाला ती नसते. म्हणून वस्तू हातात आली की संग्राहक आधी ती उलटून पाहतो.

काकांच्या एकतीसपैकी अठरांना बेंबी होती. रोज सकाळी चहा झाला की ते एकेक वस्तू मांडीवर घ्यायचे आणि बुडावरून अंगठा फिरवून ओळखायचे. हिची चंद्रकोरीसारखी, हिची गोळीएवढी, ही एका बाजूला कलंडलेली, कारागीर घाईत असेल. जगाची सगळ्यात वाईट: धारदार कडं आणि एक पुढं आलेला दात. "हा आला," म्हणून काका हसायचे. डोळे गेल्यापासून त्यांच्याकडं दुसरी ओळख नव्हती.

हे सगळं मला ठाऊक होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते की ठाऊक नव्हतं.

कॉलेजात संग्रहाचं काम पाहणाऱ्या मॅडम अमरावतीला येऊन वस्तू पाहून गेल्या. त्यांनी जग टेबलावर ठेवला, तो डगडगला आणि टेबलाच्या सनमायकावर ओरखडा उठला. त्यांनी जग उलटा केला, तोंड वाकडं केलं, पण काकांसमोर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला फोन. वस्तू घ्यायची म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरला चढवावी लागते, आणि फुटकी वस्तू चढत नाही. उद्या ऑडिटवाला म्हणेल, तुमच्याकडंच फुटली. मी थोडं समजावलं. नेहमीइतकं नाही समजावलं. नेहमी मी अशा माणसाला तासभर सोडत नाही. त्या दिवशी म्हटलं, ठीक आहे, बघते.

त्याच आठवड्यात दिवाळीची साफसफाई करताना जगाच्या बुडानं काकूचं बोट कापलं. ती पदरात बोट धरून म्हणाली, "घासून आण वो हे एकदाचं. घरात फुटकं ठेवून ठेवून माह्या जिवाले घोर." काका नागपूरला इंजेक्शनला गेले होते, मुलगा घेऊन गेला होता, तीन दिवस येणार नव्हते. मी मनाशी म्हटलं, नुसती धार घालवायची, खूण राहील. आणि थोडंसं हेही म्हटलं की म्हाताऱ्या माणसाचं आपलं वेड, एकतीसमध्ये एक.

जग माझ्या ओढणीत गुंडाळला, भोवती उरलेली पत्रकं कोंबली आणि मूर्तिजापूरवरून जाणाऱ्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. अकोल्यात मला त्या दिवशी भंगारातल्या बायकांची बैठकही घ्यायची होती. हातमोजे पुन्हा, यावेळी बायकांच्या मापाचे.

आरसे आणि टेबलाच्या काचा घासून देणारे एक चाचा आहेत. लहानशी शटरची खोली, वर पाणी टपकणारी बाटली आणि खाली गरगरणारं दगडी चाक. त्यांनी जग घेतला आणि उलटा केला. सगळे तेच करतात. अंगठा फिरवला.

"बेटा, हे फुटलेलं नाई हां," ते म्हणाले. "हे तोडलेलं हाय. ज्यानं बनवलं त्यानंच तोडलं."

मी म्हटलं, हो, माहीत आहे.

"मंग बोथट करू का सपाट करू? बोथट केलं तं निशाण राहते. सपाट केलं तं गेलं."

माझा फोन वाजत होता. बैठकीला दिलेली खोली ऐनवेळी नाही म्हणून कळवत होते, बायका बाहेर उन्हात उभ्या होत्या. डोक्यात मॅडमचं रजिस्टर, ओरखडा, डगडगणं. मी म्हटलं, सपाट. एकदम सपाट करा, टेबलावर हललं नाही पाहिजे.

"पक्कं?"

"हाव म्हटलं न, चाचा."

त्यांनी आणखी काही विचारलं नाही. चाकावर जग धरला. फार सुंदर काम केलं, खोटं कशाला सांगू. बूड आरशासारखं झालं, बोट घसरेल असं. मी तो गुंडाळला आणि बैठकीला गेले. तिथं मी अर्धा तास बोलले. काम करणाऱ्याच्या हाताला जे कळतं ते खुर्चीवरच्याला कळत नाही, त्याला विचारल्याशिवाय काही ठरवू नका, असं बोलले. माझं ठरलेलं भाषण आहे ते. बायकांनी मान डोलावली. मला स्वतःला काहीही टोचलं नाही. टोचलं ते चौथ्या दिवशी.

चौथ्या दिवशी सकाळी काका परत आलेले होते. चहा झाला. काकूनं वस्तू एकेक हातात दिल्या. मी जिन्याच्या पायरीवर बसून पुस्तिकेची पानं लावत होते. जग आला. काकांनी बुडाला अंगठा लावला आणि थांबले.

"हा कोणाचा?"

"तुमचाच जग हाय तो," काकू म्हणाली.

"माझा नाही." त्यांनी तो बाजूला ठेवला, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तसा हलकेच. मग पुन्हा उचलला. कानावरून हात फिरवला, कमळाची पानं बोटांनी मोजली. परत बुडाशी आले. "कान त्याचा आहे. पानं त्याची आहेत. बूड कोणाचं आहे?"

मी खाली आले आणि सांगितलं. सगळं सांगितलं, रजिस्टर, ओरखडा, अकोला. काकू मध्ये पडली, मीच म्हटलं तिले घासून आण म्हून, माह्यं बोट कापलं होतं.

"तू बोट कापलं म्हणून म्हटलं," काका तिला म्हणाले. मग माझ्या बाजूला तोंड केलं, म्हणजे माझ्या जरा डावीकडं, तिकडूनच त्यांना दिसतं. "घासणाऱ्यानं काही विचारलं नाही तुले?"

मला वाटलं होतं ते ओरडतील. ओरडले असते तर मीही ओरडले असते, मला ते येतं.

"विचारलं," मी म्हटलं.

"काय विचारलं?"

"बोथट का सपाट."

"अन् तू?"

"सपाट म्हटलं."

काकांनी जग मांडीवरून काढून टेबलावर ठेवला. तो अजिबात हलला नाही. मग काका म्हणाले, "पुरावा गेला. समोरच्याचा वकील मी असतो तर म्हटलं असतं, मागच्या महिन्यात मॉलमधून आणला. कोणाले काही बोलता आलं नसतं."

मी खालमानेनं वर गेले. माझी माणसं मला निर्भीड म्हणतात.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. मॅडमना मी आदल्याच दिवशी कळवून ठेवलं होतं की जगाचं काम झालं. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. विचारलं, बाकीच्यांचे तळही असे हाताला लागतात का? खोटं बोलायची ताकद राहिली नव्हती. म्हटलं, सतरांचे लागतात. मग त्या म्हणाल्या, तेही तसेच घासून आणा, एका जगाचं जमलं तर त्यांचंही जमेल, म्हणजे सगळं एकदम चढवून टाकू. त्यांच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. उलट कौतुक होतं. माझं एक उदाहरण झालं होतं आणि आता ते नियमासारखं माझ्यासमोर उभं राहिलं होतं.

काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच अवघड गेलं. म्हणाले, मग राहू दे. पुण्याला नेऊ. पोरं देतील कोणाकोणाला, एखादी शोकेसात ठेवतील, एखादीत मनी प्लांट लावतील. दिवाळीला बारा दिवस राहिले होते.

मी दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेले. मॅडम रजेवर. मी कॉलेजच्या स्टोअरबाहेरच्या बाकावर बसून राहिले. कार्यालयांच्या बाहेरचे बाक मला पाठ आहेत. पिशवीत पत्रक नव्हतं, घोषणा नव्हती, आणि भांडायची इच्छाही नव्हती, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच. स्टोअरचे बाबू डबा खाऊन आले, मला पाहून म्हणाले, काय काम आहे. मी सांगितलं. बेंबी सांगितली, सळई सांगितली, टिचकी सांगितली, मी काय केलं तेही सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकलं. मग रजिस्टर उघडून रकान्यावर बोट ठेवलं.

"हे पाहा, ताई. इथं 'फुटका' लिहिलं तं वस्तू चढत नाई. 'मूळची खूण' लिहिलं तं चढते. पण मंग तुमी लिहून द्या. एकेका वस्तूचं येगळं हमीपत्र. देणाऱ्याची सही, लिहिणाऱ्याची सही. ऑडिटवाला आला तं मी कागद दाखवतो."

मी विचारलं, मॅडम ऐकतील?

"त्याईले कागद पाहिजे, ताई. काच थोडी पाहिजे."

तीन वर्षांत मला कुठल्याही टेबलावर इतकं सरळ उत्तर मिळालं नव्हतं. कदाचित मीच कधी इतकी सरळ विचारायला गेले नव्हते.

सतरा हमीपत्रं आम्ही सहा दिवसांत लिहिली. काका अंगठा फिरवून सांगायचे, मी लिहायची. या बाटलीच्या तळाशी सळई तोडल्याची अर्धगोल खूण असून ती मूळची आहे. बाटली बहुधा ओहायोतली. या वाडग्याच्या तळाशी वाटाण्याएवढी खूण, डावीकडं झुकलेली. वाडगा बहुधा न्यूयॉर्ककडचा, नक्की सांगता येत नाही. एका ठिकाणी मी नक्की लिहिलं, काकांनी खोडायला लावलं. मी खोडलं. मथळे गेले, मजूर गेला, मजुराची बायकोही गेली. कुठल्याही वाक्यानं कुणाची मूठ वळणार नव्हती. इतकं कंटाळवाणं काही मी कधी लिहिलं नाही, आणि इतकं जपूनही नाही.

सतरावं झाल्यावर मी कागद जुळवायला लागले. काका म्हणाले, एक राहिलं.

मी म्हटलं, जगाला लागत नाही, तो चांगला आहे, तो तसाच चढतो.

"म्हणूनच पाहिजे," काका म्हणाले. "हे मी सांगणार नाही. तू लिही."

मला त्या चार ओळींना अख्खी सकाळ लागली.

दिवाळीच्या चार दिवस आधी जीप करून आम्ही अकोल्याला गेलो. काकूनं प्रत्येक वस्तू जुन्या सुती साड्यांच्या तुकड्यांत बांधली होती, गरुडाची बाटली तिनं स्वतःच्या मांडीवर घेतली. मॅडमनी सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या. कागद मोजून त्यांचं समाधान झालं. बाबू म्हणाले होते तसंच. जगाकडं पाहून त्या म्हणाल्या, हा बघा किती छान बसतो, हा आपण पुढच्या फळीवर ठेवू.

बाबू एकेक हमीपत्र वाचून रजिस्टरला चढवत होते. अठराव्याशी ते अडले. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"ही तं साबूत हाय, ताई. चांगल्या वस्तूचं काहून लिहून देऊन राहिल्या?"

मॅडमनी कागद ओढून मोठ्यानं वाचला. "या जगाच्या तळाशी सळई तोडल्याची मूळ खूण होती. ती मी अकोल्यात घासून काढायला लावली. घासणाऱ्या कारागिरानं आधी विचारलं होतं. खूण गेल्यामुळे हा जग कुठला व किती जुना हे आता सांगता येत नाही." खाली माझी सही.

त्या गोंधळल्या. म्हणाल्या, अहो, हे कशाला, यानं आपलीच वस्तू कमी ठरते. निदान ते कारागिराचं वाक्य काढा, त्याचा इथं काय संबंध?

मी काही बोलणार त्याआधी काका म्हणाले, "ते राहू द्या. सगळ्या कागदांत कारागिराबद्दल तेवढं एकच वाक्य बहुधाशिवाय आहे."

बाबूंनी कागदाला टाचणी मारली आणि रजिस्टरात लिहिलं: काचेचा जग, एक, सुस्थितीत, सोबत हमीपत्र.

परतताना मूर्तिजापूरला चहा प्यायला थांबलो. काकूनं रिकाम्या मांडीवर साड्यांचे तुकडे घडी घालून ठेवले होते. काकांच्या हातात टपरीवरचा काचेचा ग्लास होता, शिरांचा, साच्यातला, सगळीकडं मिळतो तसला. चहा पिता पिता त्यांनी तो जरा वर उचलला आणि खालून अंगठा लावला.

"आधी पिऊन तं घ्या," काकू म्हणाली, "अंगावर सांडून राहिले."